आईला नुसत्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नाही

निवांत_दुपार

नमस्कार. इथे बरेच दिवस नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

दोन महिन्यांपूर्वी आईची मैत्रीण गेली. आई ७२ ची, मावशी (मी मावशीच म्हणायचे त्यांना) तिच्यापेक्षा चार महिन्यांनी मोठ्या. ओळख पाचवीतली, म्हणजे हिशोब केला तर ६२ वर्षं झाली. मधे लग्नं झाली, दोघी दोन टोकांना गेल्या, कधीकधी दोन दोन वर्षं भेट नसायची, आधी पत्रं, मग एसटीडी, मग मोबाईल, पण सुटलं कधीच नाही. आम्ही लहान असताना मावशींचं पत्र आलं की आई ते लगेच फोडायची नाही, सगळं आवरून झाल्यावर एकटी बसून वाचायची आणि तेवढा वेळ तिला कोणी हाक मारायची नाही हे आम्हाला न सांगता माहीत होतं.

त्या गेल्याचं कळलं तेव्हा आई फार रडली नाही. कामं करत राहिली. तिसऱ्या की चौथ्या रात्री मी तिच्या खोलीतला दिवा घालवायला गेले तर अंधारातच म्हणाली, "आता मला नावाने हाक मारणारं कोणी उरलं नाही गं."

मला पटकन कळलंच नाही ती काय म्हणतेय. मग पडल्या पडल्या मोजत बसले. बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. आजी आजोबा, मामा, कोणीच नाही आता. आम्ही मुलं तिला अगं आई म्हणतो, ए आई म्हणतो, पण त्यात पुढे आई येतंच. नातवंडांची आजी, शेजारच्यांची काकू, बँकेत मॅडम, दवाखान्यात पुन्हा आजी. तिचं नाव आता फक्त कागदावर आहे. नुसतं नाव, पुढे मागे काहीही न लावता, वर एक "अगं" लावून, असं हाक मारणारी एकच बाई शिल्लक होती आणि ती गेली. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता माझं. मी ४४ ची आहे. मलाही अशी एकच मैत्रीण आहे, अकरावीपासूनची, २८ वर्षं झाली. आहे म्हणू की होती म्हणू हेच कळत नाही. चार वर्षांपूर्वी तिचे बाबा गेले. मी गेले नाही. तेव्हा घरात मुलाची परीक्षा, माझ्या ऑफिसात नवीन काम, पुढच्या आठवड्यात जाऊ म्हटलं आणि तोपर्यंत व्हॉट्सॲपवर एक मेसेज टाकला, "काळजी घे, लवकरच भेटू". तो पुढचा आठवडा आलाच नाही. मग महिनाभराने फोन करायची लाज वाटायला लागली, सहा महिन्यांनी तर अजूनच, आणि आता चार वर्षं. भांडण नाही, एक शब्दही वाकडा नाही. वाढदिवसाला दोघींकडून ग्रुपवर केकचं चित्र जातं बस.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आईसाठी मी काय करू शकते? आणि चार वर्षांनंतर त्या मैत्रिणीला काय लिहायचं असतं? आईचं दुःख समोर बघून मला हे सगळं मोठं वाटतंय का, की जुनी मैत्री खरंच इतकी मोठी असते आणि आपल्याला ते उशिरा कळतं, हेही सांगा. जवळच्या कोणाला विचारलं की "अगं एवढं काय, कर फोन" म्हणतात आणि विषय संपतो.


जुना_वाचक

ताई, तुमच्या आईंचं वाक्य वाचून थोडा वेळ फोन बाजूला ठेवला होता. मी ६९ चा आहे. माझा मित्र आणि मी कॉलेजच्या पहिल्या दिवशी एका बाकावर बसलो, त्याला आता ५१ वर्षं झाली. मलाही तो सोडून "अरे ए" म्हणणारं कोणी नाही, पण हे मला तुम्ही लिहीपर्यंत जाणवलं नव्हतं.

जुन्या मैत्रीबद्दल लोक बोलतात तेव्हा आठवणी, गप्पा, हसणं वगैरे बोलतात, ते असतंच, पण मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. ५८ व्या वर्षी मी निवृत्तीचे बहुतेक सगळे पैसे एका ओळखीच्याच्या धंद्यात घालायला निघालो होतो. घरात सगळ्यांना पटवलं होतं, आकडे दाखवले होते, कोणी काही बोललं नाही. मित्राला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, तू कॉलेजात असताना त्या नाटकाच्या ग्रुपला स्वतःची फी काढून दिली होतीस आठवतंय का, कोणी तुला "तुझ्याशिवाय होणार नाही" म्हटलं की तू देतोस, तेव्हाही हेच वाक्य होतं, आता धंद्याचे आकडे बाजूला ठेव आणि मला सांग त्या माणसाने हे वाक्य म्हटलंय का. म्हटलं होतं. अगदी शब्दशः. मी पैसे घातले नाहीत. आता हे मला बायको सांगू शकली नसती, कारण तिने मला तिशीत पाहिलं, मुलं तर त्यानंतरची. मी अठराव्या वर्षी कुठे फसायचो हे त्या एकाच माणसाला माहीत होतं. नवा मित्र कितीही हुशार, कितीही जीव लावणारा असला तरी त्याच्याकडे ही माहिती असूच शकत नाही, त्यात त्याचा काय दोष.

आणि हे टिकवायला आम्ही काही ग्रेट केलं नाही. रविवारी रात्री नऊला फोन. दहा मिनिटं, कधी पाच. सांगण्यासारखं काही नसलं तरी करायचा, हे महत्त्वाचं. काही असेल तेव्हाच फोन करायचा ठरवलं असतं तर मला वाटतं दुसऱ्याच वर्षी बंद पडलं असतं. जेफ्री हॉल नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी २०१८ मध्ये एक अभ्यास छापला होता, त्यात जवळची मैत्री व्हायला दोनशेच्या वर तास एकत्र घालवावे लागतात असं आलं होतं, नुसतं ओळखीतून साध्या मैत्रीत यायलाच पन्नासेक. मी तेव्हा आमचा हिशोब केला. ते दोनशे तास आम्ही पहिल्या वर्षीच हॉस्टेलच्या गच्चीवर घालवले होते. म्हणजे नंतरची पन्नास वर्षं आम्ही त्यावर दर आठवड्याला दहा मिनिटं टाकत गेलो. तरुणपणी वेळ फुकट असतो हो, तेव्हाच तो असा उधळता येतो. पन्नाशीत कोण कोणाला दोनशे तास देतं.

तुमच्या आईंसाठी एक सुचतं. त्या मावशींच्या घरात असं कोणी आहे का ज्यांनी त्या दोघींना लहानपणी पाहिलंय? भाऊ, बहीण, कोणीही. मैत्रीण परत येणार नाही, पण त्या दोघींना फ्रॉकमध्ये पाहिलेलं कोणी असेल तर बघा.


शांत_पाणी

मी समुपदेशनाचं काम करते म्हणून आईंबद्दल लिहिते, दुसऱ्या प्रश्नावर इथे माझ्यापेक्षा जास्त जाणणारी माणसं आहेत.

मैत्रीण गेल्याचं दुःख हे असं दुःख आहे की ज्याला आजूबाजूचे दुःख मानतच नाहीत. नवरा गेला, भाऊ गेला की लोक भेटायला येतात, कामावर रजा मिळते, महिनाभर तरी तुम्हाला कोणी "बरी आहेस ना आता" विचारत नाही. मैत्रीण गेली की दुसऱ्या दिवशी सगळं नेहमीसारखं सुरू, आणि ६२ वर्षांचं नातं असूनही तिच्या घरच्यांच्या रांगेत आपण मागे उभे. केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा दुःखाला एक नाव दिलं, मराठीत मी त्याला मान्यता नसलेलं दुःख म्हणते. माझ्याकडे येणाऱ्या वयस्क बायकांना हे एवढंच समजावून सांगितलं तरी त्यांच्या डोळ्यात पाणी येतं, कारण तोपर्यंत त्यांना स्वतःलाच वाटत असतं की आपण जरा जास्तच करतोय.

ऑस्ट्रेलियात २६ हजारांवर लोकांची अनेक वर्षांची माहिती तपासून २०१९ मध्ये एक अभ्यास आला होता. जवळचा मित्र किंवा मैत्रीण गेल्याचा परिणाम माणसाच्या तब्येतीवर, मनावर, लोकांत मिसळण्यावर चार वर्षांपर्यंत दिसतो असं त्यात निघालं. चार वर्षं! आणि आपण दोन महिन्यात म्हणतो की आई आता सावरली. ती कामं करतेय म्हणजे सावरली असं नसतं, तुम्ही लिहिलंय तशी ती अंधारात बोलली हेच खरं.

त्याच देशातला अजून एक अभ्यास आहे, २००५ चा, सत्तरीच्या पुढच्या १४७७ लोकांना दहा वर्षं पाहिलं होतं. ज्यांचं मित्रमैत्रिणींचं जाळं चांगलं होतं ते जास्त जगले. मुलं आणि नातेवाईक किती जवळ आहेत याने मात्र तेवढा फरक पडलेला दिसला नाही. हे वाचून आपल्याला थोडं लागतं, मलाही लागलं होतं, मीही कोणाची तरी मुलगी आहे. पण यात मुलांचा अपमान नाही. मुलांसमोर आई आईच राहते, काळजी लपवते, पडली तर सांगत नाही. मैत्रिणीसमोर ती लपवत नाही.

म्हणून करायचं एवढंच की आईसमोर मावशींचा विषय टाळू नका. आपण टाळतो, तिला त्रास नको म्हणून. उलट विचारा. पाचवीत भेटलात तेव्हा कोण आधी बोललं, भांडण कशावरून व्हायचं, शेवटचा फोन काय झाला. ती दहा वेळा तेच सांगेल. ऐकायचं. आणि एक, तिला लगेच "नवीन मैत्रिणी कर, ज्येष्ठांच्या ग्रुपला जा" असं सांगू नका, निदान आत्ताच नको. ते चांगलंच आहे पण वेगळं आहे, त्याने ही जागा भरत नाही आणि भरावी अशी तिची इच्छापण नसेल.


मोकळं_आकाश

सगळ्यांचं वाचलं, मन भरून आलं, तरी मी थोडं वेगळं लिहिणार आहे. कोणी वाईट वाटून घेऊ नका.

माझी २२ वर्षांची मैत्री मी स्वतः संपवली. शाळेपासूनची होती. आणि ती मी किमान दहा वर्षं जास्त ओढली फक्त याच कारणाने की "एवढी जुनी आहे". मला नोकरी लागली की तिला काहीतरी खटकायचं, माझं काही बिनसलं की मात्र ती लगेच हजर, आणि हजर असताना इतकी प्रेमळ की माझं मलाच वाटायचं मीच मनात काहीतरी आणतेय. तिच्याशी बोलून झालं की मी अर्धा दिवस स्वतःला तपासत बसायचे. वर जुना_वाचक काका म्हणतात की जुन्या मित्राला आपली पहिली चूक माहीत असते. खरंय, पण ती माहिती प्रत्येकाच्या हातात सुरक्षित नसते काका. तुमच्या मित्राने ती तुम्हाला वाचवायला वापरली. माझ्या मैत्रिणीने तीच माहिती चारचौघात मला गप्प करायला वापरली, "ही आधीपासूनच अशी" म्हणून. मी बदलले होते, पण तिला ते मान्यच नव्हतं, तिला मी तेरा वर्षांचीच हवी होते.

ॲरिस्टॉटलने मैत्रीचे तीन प्रकार केलेत, उपयोगाची, मजेची, आणि समोरचा माणूस माणूस म्हणून चांगला वाटतो म्हणून केलेली. टिकते ती तिसरी, असं तो म्हणतो. मी त्यात एवढंच म्हणेन की नुसत्या सवयीने पण टिकते, आणि सवयीची मैत्री बाहेरून अगदी तिसऱ्या प्रकारासारखी दिसते.

म्हणून ताई मी तुम्हाला कर फोन असं लगेच नाही म्हणणार. आधी एक आठवून बघा. तिच्याबरोबर असताना तुम्ही स्वतःला आवडायचात का? ती कशी होती ते नको, तुम्ही कशा असायचात. याचं उत्तर हो असेल तर मग लाज, चार वर्षं वगैरे सगळं बाजूला ठेवा.


निवांत_दुपार

सगळ्यांचे खूप आभार, एकेक प्रतिसाद दोन तीनदा वाचतेय.

मोकळं_आकाश, तुमच्या प्रश्नावर काल दिवसभर विचार केला. हो. मी घरात सगळ्यात धाकटी, मला कोणी काही विचारायचं नाही, मत द्यायची सवयच नव्हती. तिने मला पहिल्यांदा विचारलं होतं "तुला काय वाटतं?" आणि मग उत्तर येईपर्यंत थांबली होती. मी खूप वेळ बोलले नाही तरी ती थांबली. आजही ऑफिसात कधी मीटिंगमध्ये तोंड उघडते ना तेव्हा ते तिच्यामुळे आहे हे मला माहीत आहे, तिला मी हे कधी सांगितलेलं नाही.

तुमच्या बाबतीत जे झालं ते वाचून वाईट वाटलं. संपवलंत ते बरं केलंत.


पायवाट

मी इथे लिहू की नको असं करत होते. ताई, मी तुमच्या मैत्रिणीच्या जागी होते. माझे बाबा गेले तेव्हा माझी सगळ्यात जवळची मैत्रीण आली नाही.

कोणी खरं सांगणार नाही म्हणून सांगते, राग होता. खूप होता. नातेवाईक आले नाहीत त्यांची नावंही आठवत नाहीत आता, पण ती आली नाही ते रोज आठवायचं. कारण तिला माझे बाबा माहीत होते ना. बाकी जे येत होते ते माझं सांत्वन करत होते, पण बाबांच्या शिट्टीवर आम्ही दोघी कशा अंगणातून पळत यायचो हे त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. मला सांत्वन नकोच होतं खरं तर, ते माहीत असलेलं माणूस बाजूला बसायला हवं होतं.

तिने दोन वर्षांनी फोन केला. म्हणाली, "मी तेव्हा यायला हवं होतं. आले नाही." एवढंच. मुलाची परीक्षा, सासूबाईंचं आजारपण, यातलं काही सांगितलं नाही, आणि कारणं होती हे मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं. ती कारणं तिने तेव्हा सांगितली असती तर मला म्हणावं लागलं असतं की हो गं, तुझंही बरोबर आहे, आणि मग माझा राग मी कुठे ठेवला असता. तिने तो मला ठेवायला दिला. मी फोनवरच रडले, चांगलीच ओरडले पण. ती ऐकत राहिली.

नऊ वर्षं झाली त्याला. मधे काही दुखरं राहिलंय का, तर हो, राहिलंय, जखम भरली तरी वण असतो तसं. पण ती आहे.

तुम्ही लिहा. कारणं लिहू नका.


चढण

पायवाट, तुमचा प्रतिसाद वाचून मीही लिहितोय.

मला सहा वर्षांपूर्वी कॅन्सर झाला होता, आता बरा आहे. त्या आधी एका मित्राशी जवळजवळ सात वर्षं काही संपर्क नव्हता, भांडण नाही, तसंच, तुमच्यासारखं विरलेलं. त्याला कुठूनतरी कळलं. बाकी सगळे म्हणाले काही लागलं तर सांग. मनापासूनच म्हणत होते, पण काय लागतंय हे सांगायलाही ताकद लागते ती नव्हती. हा आला, खुर्ची ओढली आणि पेपर वाचत बसला. केमोच्या प्रत्येक वेळी. मधे मधे एखादी बातमी मोठ्याने वाचायचा, मला मळमळत असेल तर थांबायचा. इन्शुरन्सचे कागद त्याने स्वतःच उचलले, विचारलं नाही. सात वर्षांबद्दल तो कधी बोलला नाही आणि मीही नाही.

त्या काळात कुठेतरी एका प्रयोगाबद्दल वाचलं होतं, २००८ चा आहे. लोकांच्या पाठीवर जड बॅग देऊन टेकडीच्या पायथ्याशी उभं केलं आणि विचारलं चढ किती उभा वाटतोय. जे मित्राबरोबर उभे होते त्यांना एकट्यांपेक्षा चढ कमी वाटला. आणि मैत्री जितकी जुनी तितका तो अजून कमी वाटला. टेकडी तीच, बॅगपण तेवढीच जड. मी हे त्याला वाचून दाखवलं तर त्याने पेपर खाली न करता हं म्हटलं फक्त. पण माझा आयडी तेव्हापासून हा आहे.

ताई, तुम्ही गेला नाहीत हे चुकलं हे तुम्हाला माहीत आहे. पण तुमच्या मैत्रिणीच्या वाट्याला अजून बरेच चढ यायचेत, आणि तुमच्याही.


शांत_पाणी

पायवाट यांनी सांगितलंय त्यात एका गोष्टीची भर घालते, कारण ताई "लिहीन लिहीन" करून अडकतील अशी मला भीती वाटतेय.

जुन्या मित्राला मेसेज करायला माणसं किती कचरतात यावर २०२४ मध्ये एक अभ्यास आला. मेसेज पाठवायची इच्छा आहे, समोरच्याला आवडेल असंही वाटतंय, नंबर हातात आहे, लिहायला वेळही दिला, तरी एक तृतीयांशपेक्षा कमी लोकांनी तो प्रत्यक्षात पाठवला. जुना मित्र इतक्या वर्षांनी त्यांना जवळजवळ अनोळखी माणसासारखा वाटायला लागलेला असतो. मग त्यांनी एक केलं, आधी तीन मिनिटं सध्याच्या जवळच्या लोकांना साधे मेसेज करायला लावले आणि लगेच त्या जुन्या मित्राचा मेसेज लिहायला सांगितला. तर निम्म्याहून जास्त लोकांनी पाठवला. बोटांना सवय लागली म्हणा ना. आणि २०२२ च्या एका अभ्यासात असं दिसलं की अचानक आलेल्या मेसेजचा समोरच्याला किती आनंद होतो ते पाठवणाऱ्याला नेहमी कमीच वाटतं.

तुमच्या बाबतीत नुसता आनंद होणार नाही, रागही असेल, ते पायवाट यांनी सांगितलंच. पण आज रात्री आधी बहिणीला, मग एखाद्या सहकारी मैत्रिणीला काहीतरी पाठवा आणि त्याच दमात हिला. उद्यावर ढकलू नका.


निवांत_दुपार

तीन आठवड्यांनी येतेय, माफ करा.

त्याच रात्री पाठवला मेसेज. बहिणीला एक, ऑफिसातल्या एकीला एक, आणि मग डोळे मिटून तिला. "काका गेले तेव्हा मी यायला हवं होतं. मी आले नाही. चार वर्षं हे मनात आहे." एवढाच. कारणं चार वेळा लिहून चार वेळा पुसली.

निळ्या खुणा आल्या आणि दोन दिवस काहीच नाही. ते दोन दिवस कसे गेले ते लिहीत नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे एक फोटो आला. आम्ही दोघी, अठरा एकोणीस वर्षांच्या, तिच्या घराच्या पायरीवर, काकांनी काढलेला. खाली तिने लिहिलं होतं, "कोपऱ्यात बाबांचं बोट आलंय बघ."

मी फोन केला. बराच वेळ दोघीही काही बोललो नाही. मग ती म्हणाली, त्या तेरा दिवसांत दारात चपला वाजल्या की मी बघायचे. हे ती शांतपणे म्हणाली, ओरडली असती तर सोपं गेलं असतं. मी हो म्हटलं. दुसरं काही म्हणण्यासारखं नव्हतंच. मग ती काकांबद्दल बोलायला लागली आणि दीड तास बोलली, शेवटचे दिवस, दवाखाना, त्यांनी माझी चौकशी केली होती तेपण. मधेच थांबून विचारलं, "तुला काय वाटतं, मी त्यांना घरी आणायला हवं होतं का?" आणि थांबली. तशीच, उत्तर येईपर्यंत.

सगळं पूर्वीसारखं झालंय असं नाही. पुढच्या महिन्यात भेटतोय. रविवारचं मात्र ठरलंय, जुना_वाचक काकांसारखं, फक्त आमचं सकाळी आठला.

आणि आईचं. काका, तुमचं ऐकून मी मावशींच्या घरी फोन केला. मावशींना एक धाकटी बहीण आहे, ६६ वर्षांची, मला माहीतच नव्हती. या दोघी कुठे निघाल्या की ती मागे लागायची आणि या तिला चुकवून पळायच्या. मी आईला आधी काही सांगितलं नाही, नुसता फोन लावून हातात दिला. पलीकडून त्यांनी आईला एका टोपणनावाने हाक मारली, ४४ वर्षांत मी ते कधी ऐकलं नव्हतं, बाबांनाही माहीत असेल असं वाटत नाही. इथे लिहीत नाही, ते त्यांचं आहे.

आई आधी काहीच बोलली नाही. मग एकदम म्हणाली, "अगं ए, तू अजून मागे मागेच येतेस का गं?" आणि रडायला लागली, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मी दार ओढून घेतलं आणि बाहेर येऊन बसले. तासाभराने आत गेले तरी फोन चालूच होता.